वळूंच्या डब्यातल्या मुक्या पेशी

त्या उन्हाळ्यात माझी सगळी पीएचडी ढोरांच्या दवाखान्यातल्या एका डब्यात होती, वळूंच्या रेताच्या कांड्यांना चिकटून. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मलाही सुरुवातीला हसूच येत होतं.

मी जन्माची काळजीखोर बाई. कुलूप लावायचं, ओढून पाहायचं, फाटकापर्यंत जायचं आणि परत येऊन पुन्हा ओढायचं, अशी. आई म्हणायची, "या पोट्टीले काळजी नसली ना, तर आज काळजी काऊन नाई याचीच काळजी लागते." नव्वदचं दशक संपायला आलं होतं. वर्ध्याहून सेवाग्रामकडे जाताना आत वळलं की एका ट्रस्टची बैठी इमारत होती, तिथल्या छोट्याशा प्रयोगशाळेत मी संशोधन करत होते. एक इन्क्युबेटर, एक जुना मायक्रोस्कोप आणि आमचे सर, एवढाच संसार. सर तरुणपणी परदेशात काम करून आले होते. लोक तिकडून येताना घड्याळं आणतात, अत्तरं आणतात. आमच्या सरांनी उंदराच्या पेशी आणल्या होत्या.

त्या पेशींचं सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. कंटाळा येऊ देत नाही, वर्गात रोज तेच करते, सवय आहे.

रोगजंतूला जाऊन चिकटणारं एक प्रथिन आपल्या रक्तात असतं, त्याला प्रतिपिंड म्हणतात, अँटिबॉडी. ते बनवण्याची जनुकं आपल्या प्रत्येक पेशीत असतात. कातडीच्या पेशीत असतात, यकृताच्या पेशीत असतात. पण बनवते फक्त बी-पेशी. ती आधी त्या जनुकाचे सुटे तुकडे जुळवून घेते आणि मग कामाला लागते. बाकी पेशींमध्ये ते सगळं नुसतं पडून असतं. मग बी-पेशीतच ते चालू कसं होतं? तर त्या जनुकाच्या पोटातच डीएनएचा एक छोटा तुकडा असतो. त्या तुकड्यापासून स्वतःचं असं काहीच बनत नाही. बी-पेशीतली काही खास प्रथिनं त्याच्यावर येऊन बसली की तो जनुकाला चालना देतो. त्याला एन्हान्सर म्हणतात. तो कापून उलटा जोडला तरी काम करतो, थोडा लांब नेऊन ठेवला तरी करतो. आमच्या घरातल्या लग्नात मोठी आत्या अशीच असायची. मांडवात दिसायची नाही, मागच्या खोलीत खाटेवर बसलेली असायची, पण तिनं होकार पाठवल्याशिवाय अक्षता पडायच्या नाहीत.

सरांच्या पेशी प्रतिपिंडं बनवणाऱ्या होत्या आणि कॅन्सरच्या पेशीशी जोडलेल्या, म्हणून न मरता वाढत राहणाऱ्या. त्यांच्यातून हा एन्हान्सर कापून काढलेला होता. आता साध्या हिशेबानं त्या सगळ्या गप्प व्हायला पाहिजेत की नाही? तशा झाल्या नाहीत. काही पेशी पहिल्याइतकंच प्रतिपिंड बनवत राहिल्या आणि काही अगदीच बंद पडल्या. अर्धवट बनवणारी एकही नाही. जनुकाच्या पलीकडच्या टोकाला, बरंच लांब, आणखी एन्हान्सर असतात. काही पेशी त्यांच्या भरवशावर तग धरतात. म्हणजे एन्हान्सर आवाज लहान-मोठा करत नाही, पेशी बोलणार की नाही एवढंच ठरवायला मदत करतो. बोललीच तर ती पूर्ण बोलते. प्रयोगशाळेत आम्ही त्यांना बोलक्या आणि मुक्या असंच म्हणायचो.

माझा प्रश्न एवढाच होता: मुकी झालेली पेशी परत कधी बोलते का? जनुक तर तिच्यात शाबूत आहे. त्यासाठी एकेक मुकी पेशी वेगळी काढायची, तिची पिलावळ महिनोन्महिने वाढवायची आणि तपासत राहायचं. खूप पिलावळी मी वाढवल्या, त्या गप्प त्या गप्पच. शेवटी एका पिलावळीत, तपासणीच्या प्लेटमधल्या दोन-तीन खळग्यांत, फिकट पिवळा रंग आला. पिवळा म्हणजे प्रतिपिंड. म्हणजे मुक्यांपैकी कोणीतरी बोललं! मी टेबल धरून उभी राहिले. सर चष्मा वर करून बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "एकदा दिसलं म्हणजे काही नाही. हेच पुन्हा करून दाखव, तुझा प्रबंध झाला."

त्याच पिलावळीच्या पेशी, आणि तुलनेला बोलक्याही, मी कुप्यांत भरून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवल्या. तो द्रव सतत उडून जातो; भर घालत राहिलं तर पेशी वर्षानुवर्षं टिकतात. दिवाळीनंतर सर निवृत्त होणार होते आणि ट्रस्ट त्या खोल्या परत घेणार होता. परदेशातून पेशी पुन्हा मागवता आल्या असत्या, पण मूळच्या. ही पिलावळ जगात दुसरीकडे कुठेही नव्हती. ती गेली असती तर सगळं पहिल्यापासून करायला लागलं असतं आणि तेवढे महिने कोणाकडेच नव्हते.

आणि मे महिन्यात नायट्रोजन यायचा थांबला.

तो नागपूरहून गाडीनं यायचा. कारखान्यात दुरुस्ती निघाली, गाडी आज येते, उद्या येते, असं सुरू झालं. वर्ध्याचा मे. पंखा लावला तर भट्टीसमोर बसल्यासारखं, बंद केला तर भट्टीतच. रोज सकाळी मी डब्यात लाकडी पट्टी बुडवून वर काढायची; जिथवर बर्फ धरेल तिथवर नायट्रोजन. बर्फाची ती पांढरी रेघ रोज खाली सरकत होती. माझी भूकच गेली. खानावळीतल्या काकू म्हणाल्या, "लग्न ठरलं काय व तुझं?" मी त्यांच्यावरही खेकसले.

शेवटी एसटीडी बूथवरून घरी फोन लावला, तो नुसता रडगाणं ऐकवायला. आमचं गाव आष्टीच्या अलीकडे, नाव सांगत नाही. तिथे बाबांचं सरकी-ढेपेचं, जनावरांच्या खाद्याचं दुकान. ढोरं पाळणारा प्रत्येक माणूस त्या दुकानाची पायरी चढलेला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थंडा धूर निघते, थेच ना? अवं मंग आपल्या ढोरांच्या दवाखान्यात हाय ना थे! वळूचं बीज ठेवते त्याच्यात. त्याची गाडी तं बराबर येऊन राह्यली."

मला हसूच आलं. सरांना सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे वडिलांचं. नायट्रोजन तोच. घेऊन जा."

मग मी लहान कॅनमध्ये उरलासुरला नायट्रोजन ओतला, कुप्या टाकल्या आणि एसटीत बसले. या कॅनचं झाकण घट्ट लावायचं नसतं, त्यातून धूर निघत राहतो. पुलगाव यायच्या आतच शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "माय, दूध उतू चाललं काय तुह्यं?" कंडक्टर आला. "डब्यात काय हाय?" मी म्हटलं, पेशी. "कायच्या?" उंदराच्या. "झाकण लाव ना मंग नीट!" मी खरं तेच सांगितलं, की झाकण घट्ट लावलं तर डबा फुटतो. अरे बाप्पा! आजूबाजूच्या सगळ्या सीटा रिकाम्या झाल्या. आर्वीपर्यंत मी आणि माझा डबा ऐसपैस बसून आलो. पण डोळा लागू दिला नाही. एकेका खड्ड्यागणिक डब्यावर हात.

दवाखान्याचे डॉक्टर बाबांचे मित्र होते, भला माणूस. त्यांनी मोठ्या कॅनचं झाकण उघडलं. आत पळीसारख्या लांब दांड्यांची भांडी लटकलेली. "हे गवळाऊ वळूंचं, हे जर्सीचं, अन् हे रिकामं. हे तुमचं," ते म्हणाले. मी कुप्या त्या भांड्यात सोडल्या. मुक्यांना लाल टोपण, बोलक्यांना निळं. मग डॉक्टरांना, परिचराला आणि बाबांना, तिघांनाही बजावलं, "याला कोणी हात लावायचा नाही." बाबा जोरजोरात मान हलवत होते.

त्या संध्याकाळी दुकानात ढेपेच्या पोत्यांवर बसून बाबांनी मला विचारलं, "हे नेमकं हाय तरी काय व?" माझ्या शिक्षणाबद्दल बाबांनी तोवर कधी काही विचारलं नव्हतं. पास झाली का, जेवते ना बराबर, एवढंच. मी आधी उडवून लावलं, मग आत्याचं उदाहरण देऊन सांगितलं. बाबा एकदम पुढे सरकले.

"म्हणजे तुमी आत्याबाईची खोलीच पाडून टाकली?"

"हाव."

"तरी काही लोकं अक्षता टाकूनच राह्यले?"

"हाव. दूरच्या दुसऱ्या कोणाचं तरी ऐकून."

"अन् जे नाई टाकून राह्यले थे? थे मेले का रुसले?"

"जिवंत आहेत बाबा. नुसते गप्प आहेत. ते परत बोलतात का, हेच मी पाहून राह्यली."

बाबांनी ढेपेचा एक तुकडा उचलून हातात फिरवला. मग स्वतःशीच म्हणाले, "मोठं काम हाय हे." मला भरून आलं, खोटं कशाला सांगू? घरात सगळ्यांना वाटायचं ही पोरगी नोकरी मिळत नाही म्हणून शिकत बसली आहे.

वर्ध्याला परत आले. इकडे इन्क्युबेटरमध्ये त्याच पिलावळीच्या थोड्या जिवंत पेशी वाढत होत्या, त्यांच्यावर मी पुन्हा प्रयोग सुरू केला. बाबांना फोन केला की पहिला प्रश्न, "बोलली काय व मुकी?" बूथवाला माझ्याकडे कसा पाहायचा ते मलाच माहीत. मी म्हणायची, "एवढ्यात कुठं बाबा." पण फोन ठेवला की बरं वाटायचं.

आणि एका सकाळी इन्क्युबेटर उघडला, तर प्लेटांमध्ये पांढरी लव. बुरशी! पेशी वाढवणाऱ्या माणसाला यापेक्षा वाईट दृश्य नाही. पिंजलेला कापूस सांडावा तशी सगळ्या प्लेटांवर पसरलेली. सगळं उकळून फेकावं लागलं. सर शांतपणे म्हणाले, "घाबरतेस कशाला? गोठवलेल्या आहेत ना. जा, घेऊन ये."

तेव्हा आता उरल्या त्या फक्त गावातल्या. मी पहिली गाडी धरली. रस्ताभर मनात एकच: डॉक्टरांची बदली झाली असेल, कॅन आडवा झाला असेल, नायट्रोजन संपला असेल. मनाला म्हटलं, गप बस, तुला सवयच आहे. इतका वाईट विचार माझ्या डोक्यात आला होता, पण जे झालं होतं ते काही डोक्यात आलं नव्हतं.

गावात बाजाराचा दिवस होता. दुकान उघडं, बाबा नाहीत. शेजारच्या भांडेवाल्यानं सांगितलं, "दवाखान्यात गेलते ना. पाहुणे आले, त्याईले दाखवाले नेलं." काय दाखवायला, हे मी विचारलंच नाही. पाय आपोआप भराभर पडायला लागले.

दवाखान्याच्या खोलीत पाच-सहा माणसं गोल करून उभी. आर्वीचे ढेपेचे व्यापारी, गावातले दोघं-तिघं, दारात एक बाई कडेवर पोर घेऊन. डॉक्टर कुठे लसीकरणाला गेलेले, परिचर स्टुलावर बसून तंबाखू मळत होता. आणि मधोमध माझे बाबा. डाव्या हातात दांडीनं वर ओढलेलं भांडं, उजव्या हातात लांब चिमटा, चिमट्यात लाल टोपणाची कुपी. खिडकीतल्या उन्हात त्यांनी ती वर धरली होती.

"ह्या मुक्या," बाबा सांगत होते. "मेल्या नाईत बरं! जिवंत हाय. नुसत्या बोलत नाई. माझी पोरगी त्याईले बोलती करून राह्यली. साऱ्या दुनियेत दुसरीकडं कोठीच नाई हे, आपल्या गावात हाय!"

मला पाहिल्यावर त्यांचा चेहरा असा काही फुलला! "हे पाहा, डॉक्टरीणच आली! आता तिलेच विचारा."

मी रागीट आहे. खानावळीत भात कच्चा निघाला तरी माझा आवाज गल्लीत जातो. पण तेव्हा तोंडातून एवढंच निघालं, "बाबा, ते आत टाका." त्यांनी लगेच टाकलं, आणि वर म्हणाले, "म्या हात नाई लावला हो. तू म्हटलतं ना. चिमट्यानंच धरतो."

पाहुणे चहाला गेले, बाबा त्यांच्याबरोबर गेले. मी परिचराला विचारलं, किती वेळा झालं असं. तो तंबाखू दाढेखाली ठेवत म्हणाला, "शेठ रोजच येते ना एखाद्याले घेऊन. बजाराच्या दिवशी तं गंज गर्दी राह्यते. पोरीचं कौतुक हाय त्याईले, कोण नाई म्हणन?"

कोण नाही म्हणणार. मी नुसती हात लावू नका म्हटलं होतं. का, ते सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं मला सुचलंही नव्हतं, कारण गोठलेली कुपी उचलून पाहुण्यांना दाखवावी असं कोणाच्या मनात येईल हे माझ्या डोक्यातच येऊ शकत नव्हतं. आमच्या घरी तर जी चीज मोलाची ती आल्या-गेल्याला दाखवायचीच रीत. नवा सोफा दाखवायचा, सुनेचे दागिने दाखवायचे, वासराचे दातसुद्धा. गोठलेली पेशी त्या मेच्या हवेत जराशी वर आली की तिच्या आतला बर्फ वितळायला लागतो. परत बुडवली की पुन्हा धरतो, पण आता मोठ्या, धारदार खड्यांचा. एकदा झालं तर काही मरतात, काही वाचतात. रोज-रोज झालं तर काय उरत असेल याचा मी विचार करत होते आणि करायचा नाही असं ठरवत होते.

बाबांना मी काही सांगितलं नाही. ते मला गाडीत बसवायला आले, कॅन स्वतः मांडीएवढ्या उंचीवर अलगद धरून. "नीट नेजो," म्हणाले. "अन् बोलली की फोन करजो, कितीबी वाजले तरी."

प्रयोगशाळेत कुपी कोमट पाण्यात धरली. आतलं पाणी होईपर्यंत मी ती हलकेच हलवत राहिले. पेशी जिवंत आहेत का हे पाहायला त्यांच्यात निळा रंग घालतात. जिवंत पेशी रंग आत घेत नाही, मेलेली घेते. मायक्रोस्कोपला डोळा लावला. निळं. सगळं निळं. सरकवत गेले, सरकवत गेले, तेव्हा कुठे एखादी पांढरी, चमकती. मग पुन्हा निळ्याचा समुद्र. दुसरी कुपी, तिसरी कुपी, सगळीकडे तेच. निळ्या टोपणाच्या बोलक्यांचं जरा बरं होतं. बाबा त्या कमी दाखवत असावेत. मुक्यांचंच त्यांना जास्त कौतुक होतं.

ज्या चार-दोन वाचल्या होत्या त्यांना मी नव्या प्लेटांत ठेवलं आणि वाट पाहायला लागले. जेवण नाही, अंघोळीचं भान नाही. दिवसातून दहादा इन्क्युबेटर उघडू नये हे मी दुसऱ्यांना शिकवायची, आणि स्वतः दर घटकेला दारापाशी. कधी देवाचं नाव न घेणारी मी, तेही घ्यायला लागले. एका प्लेटमध्ये दोन पेशी शेजारी-शेजारी दिसल्या, म्हणजे एकीच्या दोन झाल्या. मी सरांना ओढत आणलं. सरांनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खोलीबाहेर गेले. दुसऱ्या दिवशी त्या दोघी सुरकुतल्या होत्या. त्याच्या पुढच्या दिवशी त्यांचा नुसता चुरा पाण्यावर तरंगत होता.

"बोलक्या वाढतायत छान," सर म्हणाले.

"त्यांचं काय करू सर? त्या बोलतात हे तर सगळ्यांनाच माहीत आहे."

सरांनी कशामुळे झालं असेल असं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं कोण जाणे. मी बाकड्यावर डोकं टेकून मोठमोठ्यानं रडले. इतके महिने, इतक्या पिलावळी, तो फिकट पिवळा रंग, सगळं गेलं. मला बाबांचा राग आला होता. इतका की वाटलं आत्ता फोन लावावा आणि एकेक शब्द ऐकवावा.

फोन लावायची वेळच आली नाही. माझा फोन नाही म्हणून बाबाच येऊन उभे राहिले. हातात आईनं दिलेला डबा, अंगात बाहेर जायचा धुतलेला शर्ट. दारातूनच म्हणाले, "काय झालं व? जगल्या ना?"

"नाई बाबा."

ते बाकड्यावर बसले. टोपी काढली, पुन्हा घातली. माझ्याकडे न पाहता विचारलं, "काऊन?"

मी तोंड उघडलं. सगळं जिभेवर होतं. आणि बाबांचे हात दिसले. चिमटा धरायचे तसे दोन्ही अंगठे एकमेकांवर दाबून धरलेले. मला नाही जमलं हो.

"लाइट गेलती बाबा," मी म्हटलं. "काल दिवसभर. इन्क्युबेटर बंद पडला. गरमीनं मेल्या."

"लाइटीनं?"

"हाव. लाइटीनंच."

बाबांचा चेहरा लाल झाला. त्याच गाडीनं ते परत गेले आणि, आईनं मला नंतर सांगितलं, घरी न जाता थेट गावातल्या लाइट ऑफिसात शिरले. तिथल्या साहेबाच्या टेबलावर हात आपटून म्हणाले, माझ्या पोरीच्या मुक्या पेशी होत्या, त्या तुमच्या लाइटीनं मारल्या, आता आणून द्या. माणसं जमली. आई म्हणाली, "तीस वर्षं झाली लग्नाले, एवढं भांडताना म्या पाह्यलं नाई त्याईले." मी ऐकून हसले आणि हसता-हसता पुन्हा रडायला लागले.

प्रबंध झाला नाही. सर निवृत्त झाले, खोल्यांमध्ये ट्रस्टनं गोदाम केलं. मी वर्ध्याच्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले आणि आजतागायत शिकवते. एन्हान्सर आमच्या अभ्यासक्रमात नाही. तरी एखाद्या वर्गाला सांगते. मुक्या पेशी परत बोलतात का, असं कोणी विचारलं तर म्हणते, एकदा पाहिलं होतं, पुन्हा पाहता आलं नाही.

मग दोन हजार साल उलटून गेल्यावर, एका हिवाळ्यात सुटीला घरी गेले होते. बाबांनी एक गवळाऊ गाय घेतली होती, मोठी देखणी. त्या सकाळी ती माजावर आली होती. बाबांनी दावं सोडलं आणि दवाखाना उजवीकडे असताना ते डावीकडे निघाले.

"कुठं चालले बाबा?"

"शेजारच्या गावी. तिथंबी दवाखाना हाय."

"अन् इथला? समोर तर आहे."

बाबांनी गाईला पुढे ओढलं. आईनं आतूनच म्हटलं, "तवापासून त्या दवाखान्यात पाय नाई ठेवला तुह्या बापानं. डॉक्टर बलावून-बलावून थकला."

मी चपला घातल्या आणि बाबांच्या मागे धावले. गाव मागे पडलं, तुरीची वावरं लागली. गाय मधेच थांबायची, बाबा तिला चुचकारायचे. मला राहवेना.

"बाबा, त्या दिवशी वर्ध्याला लाइट गेली नव्हती."

"मले माहीत हाय व."

मी थांबले. बाबा चालतच होते.

"लाइट ऑफिसातल्या साहेबानं माझ्यासमोरच वर्ध्याले फोन लावलता. तिकडून सांगतलं, लाइट गेलीच नाई. तवाच समजलं मले कायनं मेल्या थ्या."

"मग मला म्हटलं काऊन नाही कधी?"

"तू मले वाचवाले एवढं खोटं बोलली," बाबा म्हणाले, गाईकडे पाहत, "थे खोटं मी उघडं कसं पाडू?"

इतकी वर्षं मला वाटत होतं की ओझं मी एकटीच वाहते आहे. बाबांनी दाव्याचं एक टोक माझ्याकडे केलं आणि म्हणाले, "धर. वढते थे लय."